सोळा रिकाम्या जागा : येडशीच्या बाजूने राज्यघटना वाचताना

राज्यघटनेचे वाचन आपल्याकडे बहुधा उद्देशिकेपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. उद्देशिका पाठ असते, मूलभूत हक्कांची नावे परीक्षेपुरती ठाऊक असतात आणि उरलेला ग्रंथ वकिलांकडे सोपवून आपण मोकळे होतो. साहित्याच्या अभ्यासकांनी तरी असे करू नये, असे आम्हांस वाटते. कोणत्याही संहितेत जिथे कुणाचे लक्ष जात नाही तिथेच तिच्या शिवणीचे टाके दिसतात. राज्यघटनेत अशी जागा म्हणजे व्याख्यांचे ३६६ वे कलम. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या मूळ संहितेत या कलमाच्या एकविसाव्या खंडात 'राजप्रमुख' या शब्दाची व्याख्या होती. हैदराबाद राज्यापुरता तिचा आशय असा, की राष्ट्रपतींनी त्या त्या वेळी हैदराबादचा निजाम म्हणून जिला मान्यता दिली असेल ती व्यक्ती म्हणजे राजप्रमुख.

'सार्वभौम लोकशाही गणराज्य' अशी प्रतिज्ञा करून सुरू होणाऱ्या ग्रंथात 'निजाम' हा शब्द आला कसा? ज्याच्या राजवटीविरुद्ध लोक तुरुंगात गेले, गावे सोडून परागंदा झाले, त्याच राजाचे पद नव्या घटनेच्या व्याख्यासूचीत बसले. आणि ही व्याख्या ज्यांना लागू होणार होती त्यांचा एकही प्रतिनिधी ती लिहिली जात असताना सभागृहात नव्हता. या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहाव्यात, एवढाच या लेखाचा हेतू आहे. पाहण्यासाठी आम्ही निवडलेली जागा दिल्ली नाही. ती आहे येडशी.

येडशी हे धाराशिवपासून वीसेक किलोमीटरवरचे गाव. आज सोलापूर–धुळे महामार्गावरून जाणारा प्रवासी येडशीला ओळखतो तो घाटामुळे आणि रामलिंगामुळे. खोल दरीत वसलेले हे महादेवाचे देवस्थान. रावणाशी झुंजून जटायू इथेच पडला, अशी या परिसराची श्रद्धा आहे. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात मात्र येडशीची ओळख वेगळी होती. पश्चिमेला बार्शी तालुका, म्हणजे इंग्रजी मुलूख. घाट चढून आले की मोगलाई. आमच्या भागातील जुनी माणसे निजामाच्या राज्याला हैदराबाद संस्थान क्वचितच म्हणत. त्यांच्या तोंडी 'मोगलाई' हाच शब्द असे. एक सरहद्द ओलांडली की नाणे बदले (हाली सिक्का आणि कलदार रुपया यांचा हिशेब बाजाराला जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावा लागे), कचेरीची भाषा बदले, मालावर करोडगिरी द्यावी लागे.

ही सरहद्द ओलांडणारी एक गाडी होती. लंडनमध्ये १८९५ साली स्थापन झालेल्या बार्शी लाइट रेल्वे कंपनीची अडीच फुटी रुळांवरची ही गाडी १९११ पर्यंत लातूरला पोहोचली होती. कुर्डुवाडी, बार्शी, मग येडशी, पुढे तडवळे, ढोकी आणि अखेर लातूर. या एका मार्गावर पुढच्या तीन दशकांत जेवढा राजकीय इतिहास घडला तेवढा मोठमोठ्या लोहमार्गांच्या वाट्याला आला नसेल. लातुरात वकिली करणारा कासिम रझवी पुढे इत्तेहादुल मुसलमीनचा अध्यक्ष आणि रझाकारांचा सर्वेसर्वा झाला. दुसऱ्या टोकाला बार्शीच्या बाजूस, इंग्रजी आणि नंतर भारतीय हद्दीत, मुक्तिसंग्रामातील कार्यकर्त्यांची शिबिरे होती. आणि मधल्या कसबे तडवळ्यात फेब्रुवारी १९४१ मध्ये महार-मांग वतनदारांची परिषद भरली, तिला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले होते. घटनेच्या मसुद्याशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले त्यांचे पाऊल मोगलाईच्या या टोकाला, येडशीपासून एका स्थानकाच्या अंतरावर, घटना समिती अस्तित्वात येण्याआधी पाच वर्षे पडले होते. तडवळ्याचा उल्लेख पुन्हा करावा लागेल.

आता सभागृहाकडे वळू. घटना समितीत संस्थानांसाठी ९३ जागा राखल्या होत्या. त्यांपैकी १६ हैदराबादच्या. एवढ्या जागा दुसऱ्या कोणत्याही संस्थानाला नव्हत्या. निजामाने १९४७ साली सामील व्हायला नकार दिला, २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारताशी एक वर्षाचा 'जैसे थे' करार केला, आणि जागा रिकाम्या राहिल्या. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या काळात लष्करी कारवाई झाली. त्यानंतर घटना समितीचे काम चौदा महिने चालले. याच काळात मसुद्याचे कलमवार वाचन झाले, बहुतेक सर्व महत्त्वाच्या तडजोडी झाल्या. तरीही त्या सोळा जागा भरल्या गेल्या नाहीत. संस्थानात निवडणूक घ्यायला योग्य असे विधिमंडळ नव्हते, राज्य लष्करी गव्हर्नराच्या ताब्यात होते, अशी कारणे दिली जातात आणि ती खोटी नाहीत. पण अन्य अनेक संस्थानांतही रीतसर विधिमंडळे नव्हती. तिथून काहीतरी मार्ग काढून प्रतिनिधी आणले गेले. हैदराबादेत मार्ग काढला गेला नाही. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी 'आम्ही भारताचे लोक' हे शब्द स्वीकृत झाले तेव्हा त्या 'आम्ही'त येडशीच्या वतीने हात वर करणारे कुणी नव्हते.

मग घटना इथे लागू झाली कशी? तर निजामाच्या फर्मानाने. २३ नोव्हेंबर १९४९ रोजी, म्हणजे घटना स्वीकृत होण्याच्या तीन दिवस आधी, मीर उस्मान अली खान यांनी फर्मान काढून भारताची घटना हीच हैदराबादची घटना राहील असे जाहीर केले. फर्मानात एक अट होती : या निर्णयाला संस्थानातील जनतेची मान्यता हवी, आणि ती मान्यता लवकरच भरणाऱ्या हैदराबादच्या घटना समितीमार्फत व्यक्त व्हावी. तशी स्वतंत्र घटना समिती पुढे कधी भरली नाही. १९५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत लोकांनी मतदान केले, बी. रामकृष्णराव यांचे मंत्रिमंडळ आले, आणि त्या अटीची आठवण कुणाला राहिली नाही.

पराभूत राजाकडून फर्मान का घ्यावे लागले, हा प्रश्न विचारला पाहिजे, कारण येथेच पहिली मोठी तडजोड आहे. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादने आपली तक्रार संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत नेली होती. कारवाईनंतर निजामाने ती मागे घेतल्याचे कळवले, तरी पाकिस्तान हा विषय सोडायला तयार नव्हता. अशा स्थितीत 'आम्ही जिंकून घेतले' असे म्हणणे दिल्लीला परवडणारे नव्हते. कायद्याचा धागा अखंड दिसायला हवा होता आणि तो धागा एकाच माणसाच्या सहीतून जात होता. जनरल जयंतनाथ चौधरी यांनी लष्करी गव्हर्नर म्हणून राज्य चालवले तेही निजामाच्या फर्मानाने मिळालेल्या अधिकारात. त्या सहीची किंमत पुढे घटनेत शब्दांनी मोजली गेली. ३६६ व्या कलमात निजाम, २९१ व्या कलमात संस्थानिकांचे तनखे (निजामाला वर्षाला ५० लाख रुपये, आणि ही रक्कम संसदेच्या मतदानाला न टाकता थेट संचित निधीतून), ३६२ व्या कलमात त्यांचे मानमरातब, आणि ३६३ व्या कलमात या करारांसंबंधी न्यायालयांना केलेली बंदी. १२ ऑक्टोबर १९४९ रोजी सरदार पटेलांनी या तरतुदींचे समर्थन केले ते व्यवहाराच्या भाषेत : संस्थानिकांनी जे सोडले त्याच्या मानाने हा मोबदला थोडा आहे. बहुतेक संस्थानांपुरते ते खरेच होते. पण हैदराबादने स्वखुशीने काही सोडले नव्हते. तिथे तोच भाव लावला गेला, कारण सही हवी होती.

२६ जानेवारी १९५० रोजी निजामाने राजप्रमुख म्हणून शपथ घेतली, ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत ते त्या पदावर राहिले. आम्हांस या घटनेत केवळ उपरोध दिसत नाही. शब्दांचे कसब दिसते. 'निजाम' हा शब्द घटनेत आला, पण त्याचा अर्थ राष्ट्रपतींच्या मान्यतेवर टांगून ठेवला गेला. ज्याला राष्ट्रपती निजाम मानतील तो निजाम. वंशपरंपरेने आलेले पद व्याख्येच्या एका वाक्यात प्रजासत्ताकाच्या मर्जीचे झाले.

हैदराबादसारख्या 'ब' वर्गातील राज्यांसाठी आणखी काही सवलती आणि काही बेड्या होत्या. ३०६ व्या कलमाने या राज्यांना बाहेरून येणाऱ्या मालावर जकात घेणे कमाल दहा वर्षे चालू ठेवण्याची मुभा होती. देशभर व्यापार मुक्त असेल असे ३०१ वे कलम सांगत होते, आणि पाच कलमे पुढे येडशीच्या घाटावरच्या करोडगिरीला जागा ठेवली होती. गाडी चालवणारी कंपनीसुद्धा १ जानेवारी १९५४ पर्यंत विलायतीच राहिली! आणि मूळ ३७१ वे कलम : 'ब' वर्गातील राज्य सरकारे दहा वर्षे राष्ट्रपतींच्या सर्वसाधारण नियंत्रणाखाली असतील, त्यांच्या आदेशांचे पालन करतील. बार्शीच्या नागरिकाचे सरकार अशा नियंत्रणाखाली नव्हते. येडशीच्या नागरिकाचे होते. मुलूख एक झाला, सरहद्द घटनेच्या परिशिष्टात शिल्लक राहिली. ३७१ हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा.

भाषेच्या तडजोडीविषयी थोडेसे. ती घडवणाऱ्यांपैकी एक, कन्हैयालाल मुन्शी, १९४८ साली हैदराबादेत भारताचे एजंट-जनरल होते. गुजरातीतील हा थोर कादंबरीकार आणि एन. गोपालस्वामी अय्यंगार यांनी मिळून जे सूत्र बनवले ते १४ सप्टेंबर १९४९ रोजी मान्य झाले : देवनागरीतील हिंदी, इंग्रजीला पंधरा वर्षांची मुदत, आणि अंक मात्र आंतरराष्ट्रीय. (अंकांवरून किती वाद झाला हे वाचताना आज हसू येते, पण भांडणारे गंभीर होते.) इंग्रजीचे काय होणार याची चिंता दक्षिणेच्या सदस्यांनी तळमळीने मांडली. मराठवाड्यात मात्र कचेरीची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. उर्दूत शिकलेला येडशीचा किंवा कळंबचा तरुण, मग तो कोणत्याही धर्माचा असो, एका रात्रीत अर्धशिक्षित ठरत होता. त्याच्यासाठी कुणी पंधरा वर्षे मागितली नाहीत. मागणारे त्या सोळा जागांवर बसले असते.

यापुढचे लिहिणे कठीण आहे, आणि ते टाळले तर बाकीचे लिहिण्याला अर्थ नाही.

रझाकारांनी या भागात काय केले हे मराठवाड्याला सांगावे लागत नाही. अनंत भालेराव यांच्या 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' या ग्रंथापासून घराघरांतील आठवणींपर्यंत तो इतिहास नोंदला गेला आहे आणि दरवर्षी १७ सप्टेंबरला उजळला जातो. कारवाईनंतरच्या आठवड्यांचा इतिहास मात्र तितका बोलला गेला नाही. नेहरूंच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांनी नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये संस्थानाचा दौरा केला. त्यांच्या अहवालाचा अंदाज असा, की कारवाईच्या काळात आणि तिच्यानंतर संस्थानात किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेली, आणि सर्वाधिक झळ बसलेले चार जिल्हे होते उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. मारले गेलेले बहुतांश मुसलमान होते, आणि त्यांतील पुष्कळांचा रझाकारांशी संबंध नव्हता. रझाकारांचे अत्याचार आणि शेजाऱ्यांना जिवावर उदार होऊन वाचवणारे हिंदू यांचीही नोंद अहवालात आहे. तो प्रकाशित झाला नाही. सर्वसामान्य वाचकांच्या हाती तो येईपर्यंत २०१३ साल उजाडले.

आता तारखा शेजारी ठेवून पाहू. फेब्रुवारी १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मसुद्यात मुसलमानांसह अल्पसंख्याकांना विधिमंडळांत राखीव जागा होत्या. २५ आणि २६ मे १९४९ रोजी घटना समितीने त्या काढून टाकण्याचा निर्णय घेतला. अनुसूचित जाती-जमातींच्या जागा तेवढ्या राहिल्या. या निर्णयाला अनेक मुसलमान सदस्यांनीही पाठिंबा दिला होता, फाळणीनंतरच्या परिस्थितीत त्याची बाजू समजण्यासारखी आहे, आणि राखीव जागांनी काय साधले असते याविषयी आमच्यातच मतभेद आहेत. प्रश्न वेगळा आहे. उस्मानाबाद जिल्ह्यातील विधवा आणि अनाथांच्या कहाण्या ऐकून आलेला अहवाल सरकारदरबारी बंद असताना, अल्पसंख्याकांनी बहुसंख्याकांच्या सद्भावावर विसंबावे असे ठरले. त्या दिवशी 'आमच्याकडे गेल्या वर्षी काय झाले ते आधी ऐका' असे म्हणू शकणारा हैदराबादचा कुणीही, मुसलमान किंवा हिंदू, सभागृहात नव्हता. तो असता तर निर्णय बदलला असता असे आम्ही म्हणणार नाही. नोंद बदलली असती. घटना समितीच्या चर्चांच्या खंडांत आज जी जागा कोरी आहे तिथे काही पाने असती.

ग्रॅनव्हिल ऑस्टिन या अमेरिकन अभ्यासकाने १९६६ साली आपल्या घटनेवर लिहिलेल्या ग्रंथात सर्वसंमती आणि परस्परविरोधी तत्त्वांचे समायोजन हे या घटनेचे मोठे यश मानले. शिक्षकवर्गात हे मत जवळजवळ सुभाषितासारखे वापरले जाते. आम्हांस ते पुरेसे वाटत नाही. समायोजन उपस्थितांचे होते. संस्थानिक सभागृहात नसले तरी त्यांच्या सह्या हव्या होत्या, म्हणून त्यांचे समायोजन झाले. ज्यांची सहीही नको होती आणि हजेरीही नव्हती त्यांच्या वाट्याचे समायोजन कोणत्या कलमात शोधायचे?

याला एक उत्तर तडवळ्यात मिळते, आणि तेही पूर्ण नाही. वतनदार महार-मांगांच्या प्रश्नाच्या मुळाशी गावगाड्यातील बांधलेली चाकरी आणि जमीन होती. मार्च १९४७ मध्ये 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात बाबासाहेबांनी शेती हा राज्याचा उद्योग करावा, जमीन जातपात न पाहता गावकऱ्यांना कसण्यास द्यावी, आणि हे सारे कायद्यावर न सोडता घटनेतच लिहावे, अशी मागणी केली. अस्पृश्यांसाठी स्वतंत्र मतदारसंघही मागितले. पाच महिन्यांनी ते मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. घटनेत जे उतरले त्यात स्वतंत्र मतदारसंघ नाहीत, शेतीचे राष्ट्रीयीकरण नाही. त्याच्या जवळपासचे जे आहे ते मार्गदर्शक तत्त्वांत, ३९ व्या कलमात, न्यायालयात दाद न मागता येईल अशा ठिकाणी. जमीन मागणाऱ्याला १७ वे कलम मिळाले : अस्पृश्यता नष्ट करण्यात आली आहे. ते थोडे नव्हे. तडवळ्याला १९४१ साली जमलेल्यांपैकी कुणी ते कलम ऐकले असेल तेव्हा काय वाटले असेल, याची कल्पना आम्ही करू शकत नाही. पण मसुदाकारालाच आपला मसुदा बाजूस ठेवावा लागला, ही गोष्ट घटनेला बाबासाहेबांची एकहाती रचना मानणाऱ्या आणि त्यांना केवळ लेखनिक ठरवणाऱ्या, अशा दोन्ही बाजूंच्या भक्तांनी पुन्हा एकदा तपासावी.

राहिला प्रश्न सरहद्दीचा. भाषावार राज्यांचा प्रश्न घटना समितीने सोडवला नाही, पुढे ढकलला. आणि ढकलताना तिसऱ्या कलमात राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार संसदेच्या साध्या बहुमताकडे दिला. मराठवाड्याला या पुढे ढकलण्याचा फायदा झाला. जे सभागृहात मांडता आले नाही ते बाहेर मांडायला सात वर्षे मिळाली. स्वामी रामानंद तीर्थ हैदराबादच्या विसर्जनासाठी आग्रही राहिले. २८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर करार झाला, त्यावर मराठवाड्याच्या वतीने सही करणाऱ्यांत याच जिल्ह्यातील देवीसिंह चौहान होते. निधी, नोकऱ्या आणि शिक्षणात लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा, आणि मागासलेल्या मराठवाड्याकडे विशेष लक्ष, अशी ती बोली होती. आंबेडकरांनी १९५५ साली भाषावार राज्यांवरील पुस्तकात वेगळी सूचना केली, मराठी मुलखाची चार राज्ये करावीत अशी. ती कुणी मनावर घेतली नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबादचे तीन तुकडे झाले आणि येडशी द्विभाषिक मुंबई राज्यात आली. बार्शी आणि येडशी एका सरकारखाली आल्या.

त्याच दिवशी अमलात आलेल्या सातव्या घटनादुरुस्तीने 'ब' वर्ग गेला, राजप्रमुख गेला, ३०६ वे कलम गेले. ३७१ वे कलमही बदलले. ज्या आकड्याखाली दिल्लीचे नियंत्रण लिहिलेले होते, त्याच आकड्याखाली आता विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी विकास मंडळे आणि निधीच्या न्याय्य वाटपाची राज्यपालांवरील विशेष जबाबदारी लिहिली गेली. घटनेत मराठवाड्याचे नाव पहिल्यांदा आले ते इथे. मात्र 'तरतूद करता येईल' अशा भाषेत. दांडेकर समितीने १९८४ साली राज्याचा अनुशेष ३,१८६ कोटींवर मोजला, त्यात मराठवाड्याचे सुमारे ७५० कोटी होते. मंडळे प्रत्यक्षात आली १९९४ साली, म्हणजे कलम लिहिले गेल्यानंतर अडतीस वर्षांनी. ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली.

अडीच फुटी रूळ उखडून तिथे रुंद मार्ग आला त्यालाही आता बरीच वर्षे झाली. निजामाच्या नावाचे उस्मानाबाद २०२३ साली धाराशिव झाले. राज्यघटनेची आजची प्रत उघडली तर ३६६ व्या कलमात विसाव्या खंडानंतर एकविसावा आकडा आहे, त्यापुढे काही तारका आहेत, आणि तळटीपेत बारीक अक्षरांत १९५६ च्या दुरुस्तीचा उल्लेख आहे.